गोळ्या क्वीन्समध्ये, चिठ्ठी ब्राँक्समध्ये

डिसेंबर २०२२ मधला शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसहा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या माझ्या औषधाच्या दुकानाच्या मागच्या तिजोरीत मॉर्फिनची सीलबंद बाटली होती. बारा तास हळूहळू सुटणाऱ्या १५ मिलिग्रॅमच्या शंभर गोळ्या. ज्या पेशंटसाठी मागवली होती त्यांना आता तिची गरज उरली नव्हती. ते आदल्या आठवड्यात गेले. फोनवर काकू होत्या. काकांना दुपारी दोनला हॉस्पिटलमधून घरी सोडलं होतं. सकाळी दहाची गोळी वॉर्डातच दिली होती, पुढची रात्री दहाला घ्यायची. घरात एकही गोळी नव्हती.

"अगं, तुझ्याकडे आहेत ना गोळ्या?"

"आहेत, काकू. पण चिठ्ठी माझ्याकडे आलेली नाही."

"चिठ्ठी माझ्या हातात आहे की! डॉक्टरचं नाव आहे, औषधाचं नाव आहे, साठ गोळ्या असं लिहिलंय. मुलाला पाठवू का घेऊन?"

मी त्यांना कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काय छापलंय ते वाचायला सांगितलं. त्या थांबल्या, मग एकेक शब्द लावत वाचू लागल्या. मजकूर मला आधीच माहीत होता. ही फक्त प्रत आहे, यावर औषध देता येणार नाही.

काका-काकू मूळचे ठाण्याचे, न्यूयॉर्कमध्ये चाळीस वर्षं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तोच ठेवला आहे. काकांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. हॉस्पिटलात आठवडाभर ठेवून दुखणं आटोक्यात आणलं आणि शिरेतून चाललेलं मॉर्फिन गोळ्यांवर आणून घरी पाठवलं. इथपर्यंत सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. घोळ झाला तो पुढे, आणि तो कुणा एकाच्या हलगर्जीपणामुळे झाला असं मी आजही म्हणणार नाही. म्हणूनच तो सविस्तर लिहावासा वाटला.

हातातला कागद आणि खरी चिठ्ठी

अमेरिकेत मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, मिथाइलफेनिडेट ही शेड्यूल दोनमधली औषधं. वैद्यकीय उपयोग मान्य असलेल्या औषधांतली ही सगळ्यात कडक पायरी. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने ती ठरवली आणि डीईए, म्हणजे अंमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणा, तिच्यावर पहारा देते. या औषधांना रिफिल, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध घ्यायची सोय, नसतो. दर वेळी नवी चिठ्ठी लागते.

ही चिठ्ठी संगणकावरून पाठवायची मुभा डीईएने दिली ती ३१ मार्च २०१० च्या नियमाने. तो १ जूनपासून लागू झाला. साधी औषधं त्याआधीही संगणकावरून जात होती, पण नियंत्रित औषधांसाठी डॉक्टरांना कागद आणि शाईच लागायची. नियम उघडून वाचला की तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय ते लगेच कळतं: चोराला. डॉक्टरची ओळख आधी बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेने, किंवा हॉस्पिटल असेल तर डॉक्टरांची कागदपत्रं तपासणाऱ्या त्यांच्याच क्रेडेन्शियलिंग विभागाने, पडताळायची. मग त्याला सही करायचा अधिकार सिस्टीममध्ये उघडून द्यायचा, तोही एकट्या माणसाने नाही, दोघांनी मिळून. प्रत्यक्ष सही करताना तीनपैकी दोन पुरावे द्यायचे: ठाऊक असलेलं काही (पासवर्ड), जवळ असलेलं काही (टोकन), अंगचं काही (बोटाचा ठसा वगैरे). टोकन ज्या संगणकावर काम चाललंय त्यापासून वेगळं हवं. बहुतेक डॉक्टरांच्या बाबतीत ते फोनवरचं अॅप असतं आणि त्यात सहा आकडे चमकून बदलत राहतात. टोकन हरवलं तर कामकाजाच्या एका दिवसात कळवायचं. दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही, नर्सला नाही, शेजारच्या डॉक्टरलाही नाही. मदतनीस चिठ्ठी तयार करून ठेवू शकतो, सही मात्र डॉक्टरनेच करायची.

सही झाल्यावर मजकूर वाटेत बदलला तर चिठ्ठी बाद. मधल्या कुठल्या कंपनीने तिचा फॅक्स करून पुढे ढकलली तरी बाद. आणि पाठवून झाल्यावर छापलेल्या कागदावर तो केवळ प्रत असल्याचं लिहिलेलं हवं. काकूंच्या हातात होता तो हा कागद. त्यावर सगळं होतं, फक्त त्याला किंमत नव्हती. खरी चिठ्ठी दुपारी एक पन्नासला एका रेसिडेंटने, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने, सही करून पाठवली होती आणि ती न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातल्या एका साखळी दुकानाच्या संगणकात जाऊन बसली होती.

ब्राँक्समध्ये का? कारण काका-काकू चार वर्षांपूर्वी तिथे राहायचे. हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये "पसंतीची फार्मसी" या रकान्यात तेच दुकान राहून गेलं होतं. पत्ता बदलला, फोन बदलला, इन्शुरन्स बदलला, हे सगळं कुणीतरी वेळोवेळी विचारलं, कारण त्यावर बिलं अवलंबून असतात. फार्मसीचा रकाना कुणी विचारला नाही. सही करताना तो पडद्यावर दिसतो, पण बारीक अक्षरांत, आणि शुक्रवारी दुपारी चार पेशंट घरी पाठवायचे असलेल्या रेसिडेंटची नजर डोसवर असते. असायलाही तिथेच हवी.

न्यूयॉर्कने कागद का सोडला

डीईएचा नियम परवानगी देणारा होता, सक्ती करणारा नाही. सक्ती केली न्यूयॉर्कने. त्यामागे एक जखम आहे. जून २०११ मध्ये लाँग आयलंडवरच्या मेडफर्ड गावात एका औषधाच्या दुकानात हायड्रोकोडोन या वेदनाशामकाच्या गोळ्यांसाठी चार माणसं गोळ्या घालून मारली गेली. त्या उन्हाळ्यात इथल्या प्रत्येक फार्मसिस्टने काउंटरवर उभं राहताना दाराकडे पाहिलं. माझी तेव्हा या देशातली दुसरीच नोकरी होती. राज्याचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल एरिक श्नायडरमन यांनी पुढे रेटलेला आय-स्टॉप कायदा ऑगस्ट २०१२ मध्ये झाला. त्याने दोन गोष्टी आणल्या. एक, २७ ऑगस्ट २०१३ पासून नियंत्रित औषध लिहिण्याआधी डॉक्टरने राज्याची पीएमपी नोंदवही पाहायची: या पेशंटने अलीकडे कुठून काय घेतलं. दोन, सगळी प्रिस्क्रिप्शनं, नियंत्रित असोत की साधी, संगणकावरूनच पाठवायची. हे दुसरं २७ मार्च २०१५ ला सुरू व्हायचं होतं. तयारी झाली नाही म्हणून वर्षभर पुढे गेलं आणि २७ मार्च २०१६ ला लागू झालं. न पाळल्यास दंडाची तरतूद. पुढे २०१८ च्या केंद्रीय सपोर्ट कायद्याने मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या, औषध योजनेतल्या नियंत्रित औषधांनाही हीच दिशा दिली.

कागदाचं कौतुक करणाऱ्यांनी २०१६ आधीचं काउंटर पाहिलेलं नसतं. राज्याचे अनुक्रमांक असलेले खास फॉर्म होते, तरी पॅडच्या पॅड चोरीला जायचे. एकदा एका तरुणाने माझ्यासमोर ठेवलेल्या चिठ्ठीत अंक "40" होता आणि शेजारी अक्षरी "टेन". अंकातला एकाचा चार करून टाकला होता, अक्षराकडे लक्षच गेलं नव्हतं. मी डॉक्टरला फोन लावते म्हटल्यावर तो चिठ्ठी तिथेच टाकून गेला. असे दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. संगणकावरून आलेल्या चिठ्ठीत एकाचा चार होत नाही.

पण कागदात एक गुण होता आणि तो जाईपर्यंत कुणाच्या लक्षात आला नाही: तो चालत जायचा. या दुकानात माल नाही म्हटलं की पेशंट कागद खिशात घालून पुढच्या दुकानात जायचा. चिठ्ठी पोचवणारा हरकारा पेशंट स्वतः होता. सही केबलमधून जायला लागली तेव्हा हे काम त्याच्याकडून गेलं, आणि त्याबरोबर दुकान बदलायची सोयही गेली.

पावणेसहा ते पावणेदहा

आधी मी ब्राँक्सच्या दुकानात फोन केला. अकरा मिनिटं संगीत ऐकल्यावर तिथला फार्मसिस्ट बोलला. थकलेला पण भला माणूस. चिठ्ठी आहे, तो म्हणाला, माल शून्य. वितरकाने ठरवून दिलेली या महिन्याची मर्यादा संपली होती, आता जे येईल ते पुढच्या आठवड्यात. ही मर्यादाही आभाळातून पडलेली नव्हती. ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकांच्या, खटल्यांत देशातल्या तीन बड्या वितरकांनी अठरा वर्षांत २१ अब्ज डॉलरपर्यंत भरण्याची तडजोड केली, ती २०२२ मध्ये पक्की झाली, आणि त्यात संशयास्पद ऑर्डरींवर कडक नजर ठेवण्याची अट होती. एखाद्या दुकानाची ऑर्डर नेहमीपेक्षा फुगली की मशीन थांबवतं. ऑर्डर कॅन्सरसाठी आहे की कशासाठी, हे मशीनला कळत नाही.

"मग चिठ्ठी माझ्याकडे पाठवता येईल?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. शेड्यूल तीन ते पाचमधल्या औषधांचे उरलेले रिफिल एका दुकानातून दुसऱ्या दुकानात देण्याची रीत नियमात लिहिलेली होती. पण एकदाही न भरलेली, शेड्यूल दोनची, संगणकावरून आलेली चिठ्ठी दुसरीकडे सोपवायची स्पष्ट वाट तेव्हा डीईएच्या नियमांत नव्हती. आणि आमच्या धंद्यात जे लिहिलेलं नाही ते करायचं नाही, निदान परवाना प्यारा असेल तर. तो म्हणाला, डॉक्टरला सांग, इथली रद्द करा आणि तुझ्याकडे नवी पाठवा.

साधं, सरळ, आणि शुक्रवारी संध्याकाळी अशक्य. रेसिडेंटची पाळी पाचला संपली होती. पेजरला उत्तर नाही. वॉर्डातल्या नर्सने मला ऑन-कॉल ऑन्कॉलॉजी फेलोशी, म्हणजे कॅन्सर विभागात पुढचं प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरशी, जोडून दिलं. त्याने काकांची फाइल उघडली, दोन मिनिटांत सगळं समजून घेतलं आणि म्हणाला, आत्ता पाठवतो. मग फोनवर शांतता. मग एक उसासा. त्याने बुधवारी नवा फोन घेतला होता. टोकनचं अॅप जुन्या फोनला बांधलेलं, नव्यावर आकडे येतात पण सिस्टीम ते ओळखत नाही. नव्याने जोडायचं तर क्रेडेन्शियलिंगच्या ऑफिसात ओळखपत्र घेऊन स्वतः जावं लागतं, आणि ते ऑफिस पाचला बंद होतं. सोमवारी उघडेल.

शेजारी दुसरा डॉक्टर बसला होता, त्याचं टोकन चालू होतं. फेलोने ते मागितलं नाही याचं मला बरं वाटलं. त्या दुसऱ्या डॉक्टरनेच स्वतःच्या नावाने लिहून द्यावं का? तो दुसऱ्या विभागाचा, पेशंट कधी पाहिलेला नाही. नको म्हणाला. मी त्याच्या जागी असते तर मीही नको म्हटलं असतं.

मग कागद? न्यूयॉर्कच्या कायद्यात त्यालाही जागा आहे: सिस्टीम तात्पुरती बंद असेल, किंवा संगणकावरून पाठवल्याने उशीर होऊन पेशंटच्या तब्येतीला धोका पोचत असेल, तर राज्याच्या अधिकृत फॉर्मवर हाताने लिहिता येतं, दुसऱ्या कारणासाठी नियंत्रित औषध असेल तर पाच दिवसांपुरतंच. फेलोने वॉर्डात विचारलं, अधिकृत फॉर्म कुठे असतात? कुणालाच सांगता येईना. २०१६ नंतर ते कुलपात गेले आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे दिवसपाळीच्या बाईंना माहीत होतं. साडेसात वाजले होते.

मधल्या वेळात काकूंचे तीन फोन झाले. ठाण्याहून त्यांच्या भावाचाही त्यांना व्हॉट्सअॅपवर फोन आला होता; तिथे पहाटेचे पाच-साडेपाच असतील. "तो म्हणतो, आपल्याकडे चिठ्ठी दाखवली की कोपऱ्यावरचा मेडिकलवालाही देतो." मी म्हटलं, काकू, मॉर्फिन नाही देत. मी साताऱ्यात एका दुकानात दोन वर्षं काम केलंय. शेड्यूल एक्सच्या, म्हणजे कडक नियंत्रणातल्या, औषधांना तिथे चिठ्ठी दोन प्रतींत लागायची, एक आम्ही दोन वर्षं फाइलला लावून ठेवायचो. मॉर्फिन तर आमच्या दुकानात कधी आलंच नाही. ते मिळतं मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून, २०१५ च्या नियमांनी तो मार्ग थोडा सोपा झाला तरी तिथूनच. आणि २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एनडीपीएस या अंमली पदार्थविषयक कायद्याखालचं औषध फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या तपासणीत लिहूनच देता येत नाही. एवढं सगळं मी त्या वेळी बोलले नाही, अर्थात. फक्त म्हटलं, तिथेही धावपळ झालीच असती, वेगळी. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे कूस बदलायला तयार नाहीत गं."

आता एकच दार उरलं होतं. शेड्यूल दोनच्या औषधाची तोंडी ऑर्डर. केंद्राचा नियम ती फक्त खऱ्या तातडीत घेऊ देतो, आणि तातडी म्हणजे काय तेही सांगतो: औषध लगेच हवं, दुसरा योग्य पर्याय नाही, आणि डॉक्टरला लिखित चिठ्ठी देणं वाजवी प्रयत्नांनी शक्य नाही. यातल्या तिसऱ्या अटीवर मी अडखळले. शक्य नाही की गैरसोयीचं आहे? फेलोने हॉस्पिटल सोडून फॉर्म शोधत फिरावं, ही अपेक्षा वाजवी आहे का, त्याच्यावर आणखी सतरा पेशंट असताना? नंतर तपासणी झाली तर मी हे कागदावर कसं मांडेन, असा विचार मी केला. भिऊन केला असंही म्हणा. आमच्या ओळखीतल्या दोन फार्मसिस्टांना नंतर विचारलं, तर एकाने मी दिलं असतं म्हटलं, दुसऱ्याने काकांना इमर्जन्सीत परत पाठवलं असतं म्हटलं. इमर्जन्सीत म्हणजे शुक्रवारी रात्री प्लास्टिकच्या खुर्चीवर पाच-सहा तास, हाडांत कॅन्सर घेऊन.

मी ऑर्डर घ्यायचं ठरवलं. फोन ठेवला आणि हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर स्वतः उलट फोन करून ऑपरेटरकरवी त्याच फेलोपर्यंत पोचले, कारण बोलणारा खरंच डॉक्टर आहे याची खात्री करण्याची जबाबदारी फार्मसिस्टवर असते. पीएमपी पाहिली, काकांच्या नावावर आक्षेपार्ह काही नव्हतं. ऑर्डर ऐकत ऐकत लिहून काढली: दहा गोळ्या, दिवसाला दोन, पाच दिवस. का, कधी, कुणी, कोणत्या नंबरवरून, टोकन का चाललं नाही, फॉर्म का मिळाला नाही, सगळं. दोन पानं झाली.

मग ब्राँक्सला दुसरा फोन. तिथली साठ गोळ्यांची चिठ्ठी अजून जिवंत होती. उद्या माल आला आणि कुणी भरून ठेवली तर एकाच माणसाच्या नावावर दोन ठिकाणी मॉर्फिन. त्या भल्या माणसाने ती माझ्यासमोर, म्हणजे फोनवर बोलता बोलता, बाद केली आणि शेरा मारला.

एवढं होऊन बिल पास होईना. इन्शुरन्सच्या पडद्यावर आलं: रिफिलची वेळ झालेली नाही. ब्राँक्सच्या सिस्टीमने दुपारीच साठ गोळ्यांचा दावा टाकून ठेवला होता आणि चिठ्ठी बाद झाली तरी दावा मागे घेतला गेला नव्हता. तिसरा फोन करायची ताकद माझ्यात नव्हती. काकूंच्या मुलाने रोख पैसे दिले. आता पीएमपीत पैसे कसे दिले तेही दिसतं, आणि ओपिऑइडसाठी रोख देणारा पेशंट ही संशयाची खूण म्हणून आम्हाला शिकवलेली. म्हणजे नियम पाळता पाळता आम्ही काकांच्या नावापुढे एक ठिपका उमटवून ठेवला.

मुलगा पावणेदहाला गोळ्या घेऊन निघाला. दहा वीसला काकूंचा मेसेज आला: घेतली.

सोमवार

तोंडी ऑर्डरच्या पाठोपाठ लेखी चिठ्ठी यावी लागते. मुदतीत आली नाही तर फार्मसिस्टने डीईएला कळवायचं, म्हणजे ज्याने मदत केली त्याच डॉक्टरची तक्रार करायची. सोमवारी दुपारी चिठ्ठी आली. साठ गोळ्यांची, एकच. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता: एकदाच सगळं उरकू. पण मला दहाची वेगळी हवी होती, शुक्रवारच्या ऑर्डरला जोडायला, आणि पन्नासची वेगळी, पुढच्या दिवसांसाठी. पुन्हा फोन, पुन्हा रद्द. रद्द करण्याचा संदेश संगणकावरून पाठवायची सोय असते, पण समोरच्या सिस्टीमने तो झेलला पाहिजे. आमच्याकडे तो तासाभराने आला, तोवर मी हातानेच बाजूला करून ठेवली होती. अखेर दोन्ही चिठ्ठ्या आल्या. दहाच्या नोंदीवर मी तोंडी आदेशाची तारीख आणि तातडीच्या वाटपाचा शेरा टाकला आणि फाइल बंद केली.

आणि जानेवारीत काकांची पुढची चिठ्ठी गेली ब्राँक्सला. रकाना कुणी बदललाच नव्हता. डिसेंबरच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या त्या त्या दिवसापुरतं दुकान निवडून. रेकॉर्डमधली पसंती तशीच. या वेळी काकूंनी दुपारी बाराला फोन केला, डॉक्टर जागेवर होता, चाळीस मिनिटांत निपटलं. मी त्यांना म्हटलं, पुढच्या भेटीत हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या बाईंना पडदा तुमच्याकडे फिरवायला लावा आणि फार्मसीचं नाव स्वतः वाचा. त्यांनी तसं केलं. बाई रागावल्या म्हणे, पण नाव बदललं.

चूक कुठे शोधायची

अशा प्रकरणाची चर्चा झाली की बोट आधी टोकनकडे जातं. माझं मत वेगळं आहे. टोकनने त्याचं काम केलं: ज्याची ओळख सिद्ध झाली नाही त्याला सही करू दिली नाही. दोन पुराव्यांची अट सैल करा असं मी कुणाला सांगणार नाही. अडचण आहे ती सहीनंतरच्या प्रवासात. २०१० च्या नियमात सही कशी करायची, ती कशी जपायची, नोंदी दोन वर्षं कशा ठेवायच्या, ऑडिट कुणी करायचं, याची पानंच्या पानं आहेत. चिठ्ठी पोचली आणि तिथे औषध नसेल तर काय, हा प्रश्न मात्र कुणी पेशंटच्या बाजूने विचारला नाही. कागदाच्या काळात तो विचारावा लागत नव्हता, पेशंटचे पाय त्याचं उत्तर होते. न्यूयॉर्कने सक्ती केली तेव्हा पर्यायी वाटा ठेवल्या, पण त्या सगळ्या डॉक्टरच्या अडचणींसाठी आहेत: वीज गेली, सिस्टीम पडली. दुकानातला माल संपला हे कारण त्यांत बसवायला मला आणि फेलोला चार तास लागले.

ते भोक किती मोठं आहे हे त्या सुमाराला सगळ्या देशाला दिसत होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एफडीए या औषध नियामक संस्थेने अॅडेरॉल या एडीएचडीवरच्या औषधाची टंचाई जाहीर केली. तेही शेड्यूल दोन. आयांचे फोन यायचे, तुमच्याकडे आहे का; आहे म्हटलं की डॉक्टरला फोन, रद्द करा, इकडे पाठवा; तोवर आमच्याकडचा माल संपलेला. चिठ्ठ्या दुकानादुकानांत अडकून पडलेल्या आणि डॉक्टरांचे मदतनीस दिवसभर त्या सोडवत बसलेले.

डीईएने यावरचा नियम नोव्हेंबर २०२१ मध्येच प्रस्तावित केला होता. अंतिम झाला जुलै २०२३ मध्ये, लागू झाला २८ ऑगस्ट २०२३ पासून. आता पेशंटने मागितलं तर पहिल्यांदा भरण्यासाठीची इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी, शेड्यूल दोनसुद्धा, एका दुकानातून दुसऱ्यात देता येते. एकदाच. दोन परवानाधारक फार्मसिस्टांनी थेट बोलून. मजकूर न बदलता. राज्याचा कायदा आड येत नसेल तर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती इलेक्ट्रॉनिकच राहिली पाहिजे; फोनवर वाचून दाखवलेली किंवा फॅक्स केलेली चालणार नाही. म्हणजे दोन दुकानांचे संगणक एकमेकांशी बोलले पाहिजेत. एकाच साखळीतली दुकानं एकाच सिस्टीमवर असतात, त्यांना हे जमलं. माझ्यासारख्या सुट्या दुकानाला?

२०२४ च्या वसंतात मी पहिल्यांदा प्रयत्न केला. वेगळा पेशंट, मिथाइलफेनिडेट, समोर एक साखळी दुकान. तिथल्या मुलीने नियम वाचलेला होता, माझ्यापेक्षा नीट. आम्ही दोघी आपापल्या पडद्यावर शोधत होतो. तिच्याकडे हस्तांतरणाचं बटण होतं, पण यादीत फक्त त्यांचीच दुकानं दिसत होती. माझ्याकडे स्वीकारायचं बटण होतं, पण ते शेड्यूल दोनला करडं पडत होतं. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकक्षाने तिकीट नंबर दिला. पंचवीस मिनिटांनी ती म्हणाली, "डॉक्टरला फोन करू या का? ते आत्ता क्लिनिकमध्ये असतील." मी घड्याळ पाहिलं. मंगळवार, दुपारचे तीन. केला फोन.